आश्रय नाकारला, तरी माणूस इथेच आहे: जर्मनीतल्या ‘डुल्डुंग’बद्दल

प्रश्न असा आला आहे: “जर्मनीत एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात माझ्यासोबत गिनी देशातला एक तरुण काम करतो. त्याचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला, कोर्टातही तो हरला. तरी तो इथेच आहे, रोज कामावर येतो. खिशात लाल रेघ मारलेला एक कागद असतो, तो दर तीन महिन्यांनी नवा करून आणतो. स्वतःला तो ‘बेकायदेशीर’ म्हणवतो. राहायचा हक्क नाही तर त्याला परत का पाठवत नाहीत? आणि पाठवत नाहीत तर नीट राहू का देत नाहीत? मी त्याला मदत केली तर अडचणीत येईन का?”

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ती धाकधूक मनात असली की पुढचं वाचण्यात लक्ष लागत नाही. अडचणीत येणार नाही. त्याची पत्रं वाचून दाखवणं, त्याच्याबरोबर वकिलाकडे किंवा सल्ला केंद्रात जाणं, कार्यालयात त्याच्या शेजारी बसणं, यातलं काहीही गुन्हा नाही. मी १७ वर्षं आश्रयार्थींना सल्ला देण्याचं काम करते आहे. माझ्यासमोर बसलेल्यांपैकी ज्यांचं पुढे बरं झालं, त्यातल्या बहुतेकांसोबत तुमच्यासारखा एखादा सहकारी, शेजारी नाहीतर मुलाच्या शाळेतली बाई होती. (पुढे जी माणसं येतात त्यांचे तपशील ओळख पटू नये म्हणून मी बदलले आहेत.)

आता त्या कागदाकडे येऊ. त्याला ‘डुल्डुंग’ म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ ‘खपवून घेणं’. कायद्याच्या भाषेत ‘हद्दपारी तात्पुरती स्थगित’. आडवी तिरकी लाल रेघ, आणि त्यावर छापलेलं वाक्य: हा निवास परवाना नाही, धारकाने देश सोडणं बंधनकारक आहे. म्हणजे ज्या कागदाच्या आधारे तो आज इथे राहतो, तोच कागद त्याला ‘निघून जा’ असंही सांगतो. निवास कायद्याचं कलम ६०अ म्हणतं की प्रत्यक्षात किंवा कायद्याने हद्दपारी अशक्य असेल, तर ती तेवढ्यापुरती थांबवावी. कुणाकडे पासपोर्ट नसतो, कुणाचा दूतावास प्रवासाची कागदपत्रं देत नाही, कुणी विमानात बसवता येणार नाही इतका आजारी असतो, कुणाचं मूल इथे असतं. अडथळा हटला की स्थगिती संपते.

म्हणून ‘बेकायदेशीर’ हा शब्द त्याने स्वतःसाठी वापरू नये असं मी आग्रहाने सांगेन. कायद्याने हद्दपारी थांबवलेली असताना इथे असणं हा गुन्हा ठरत नाही; निवास कायद्यातल्या शिक्षेच्या कलमातच तसं लिहिलेलं आहे. आणि १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराचं कलम ३१ म्हणतं की जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका होता तिथून थेट येऊन, लगेच स्वतःहून यंत्रणेसमोर हजर झालेल्या निर्वासिताला विनापरवाना सीमा ओलांडली म्हणून शिक्षा करू नये. तो करार लिहिणाऱ्यांना पक्कं माहीत होतं की जीव वाचवून पळणाऱ्याला व्हिसाच्या रांगेत उभं राहता येत नाही. तुमचा सहकारी राहतो आहे तो कायद्यानेच आखून दिलेल्या एका अधल्यामधल्या जागेत.

ही जागा छोटी नाही. २०२२ अखेर जर्मनीत देश सोडणं बंधनकारक असलेले सुमारे ३ लाख ४ हजार लोक होते, त्यातल्या जवळजवळ २ लाख ४८ हजार लोकांकडे डुल्डुंग होतं. २०२३ मध्ये वर्षभरात प्रत्यक्ष हद्दपाऱ्या झाल्या सुमारे १६,४००. हे आकडे शेजारी ठेवले की ‘पाठवत का नाहीत’ याचं अर्धं उत्तर मिळतं. प्रत्येक हद्दपारीसाठी ओळख पटवणारा कागद, तो देणारा दुसरा देश, विमान, पोलीस, डॉक्टर, एवढं सगळं जुळावं लागतं. ते जुळत नाही. मग माणूस तीन-तीन महिन्यांच्या हप्त्यांनी जगतो. कागदावर कागद, त्यावर कागद. याला इथे ‘साखळी डुल्डुंग’ म्हणतात. आठ-दहा वर्षं अशी काढलेली माणसं मी पाहिली आहेत.

अर्ज फेटाळला म्हणजे माणूस खोटा होता, हा समज फार पसरलेला आहे. फेटाळण्याचे प्रकार वेगवेगळे असतात. आश्रयाच्या अर्जावर निर्णय देणारं संघीय कार्यालय आधी चार प्रकारच्या संरक्षणांचा विचार करतं: राज्यघटनेतला आश्रय, निर्वासित दर्जा, दुय्यम संरक्षण (युद्ध किंवा छळासारखा गंभीर धोका असेल तर) आणि हद्दपारीला मनाई. चारही नाकारली तर साध्या नकाराविरुद्ध कोर्टात जायला दोन आठवडे मिळतात. ‘उघडच निराधार’ असा शिक्का बसला तर एकच आठवडा, आणि त्याच आठवड्यात तातडीचा वेगळा अर्जही करावा लागतो, कारण नुसत्या दाव्याने हद्दपारी थांबत नाही. कोर्टाची फी आश्रयाच्या खटल्यात लागत नाही, वकिलाची लागते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये आश्रयाचे नवे नियम मंजूर केले, त्यांच्या अंमलासाठी जून २०२६ ही वेळ ठरली. म्हणून आज कुणाच्या हातात नवं पत्र आलं तर माझे हे आकडे धरून बसू नका. पत्राच्या शेवटी दाद कुठे आणि किती दिवसांत मागायची हे लिहिलेलं असतं, ते पाहा.

मुदत कशी हुकते ते सांगते. निर्णयाचं पत्र पिवळ्या लिफाफ्यातून येतं. पोस्टमन त्या लिफाफ्यावर पेनाने तारीख लिहितो, आणि मुदत त्या तारखेपासून धावायला लागते. तुम्ही पत्र उघडलं त्या दिवसापासून नाही. लोक पत्र जपून ठेवतात आणि लिफाफा फेकतात. निवासी छावणीत तर आणखी अवघड: नोटीस बोर्डावर यादी लागते, त्यात आपला क्रमांक शोधायचा. पत्र हातात पडलं नाही तरी ते छावणीच्या व्यवस्थापनाकडे दिल्यावर तिसऱ्या दिवशी पोहोचलं असं कायदा धरतो. पत्ता बदलल्याचं कळवलं नसेल तर जुन्या पत्त्यावर गेलेलं पत्रही पोहोचलेलंच. एक मुलगा माझ्याकडे दहाव्या दिवशी आला होता. तो यादी रोज पाहायचा, पण त्याचं आडनाव कुणीतरी पहिलं नाव समजून दुसऱ्याच अक्षराखाली लावलं होतं. मुदत सात दिवसांची होती. ती परत उघडून घ्यायला आम्हाला त्या यादीचा फोटो, छावणीतल्या दोघांची लेखी साक्ष आणि एक जिद्दी वकील लागला. सगळ्यांना असा वकील मिळत नाही.

आणि त्याच्याही आधी संघीय कार्यालयातली आश्रयाची मुलाखत. सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो. एका बाईंनी मुलाखतीत त्यांच्यावर झालेल्या बलात्काराबद्दल एक शब्द काढला नाही, कारण दुभाष्या पुरुष होता आणि त्यांच्याच गावाकडचा होता. स्त्री अधिकारी आणि स्त्री दुभाषी मागता येते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कोर्टात त्यांनी दोन वर्षांनी ते सांगितलं. निकालात लिहिलं होतं की कथन मागाहून वाढवलेलं आहे, त्यामुळे विश्वासार्ह नाही. मला त्या बाईंचा चेहरा आठवतो. निकाल मी त्यांना समजावून सांगत होते आणि त्या माझ्याकडे पाहून मान डोलावत होत्या, जणू मलाच धीर द्यायचा होता.

देशाची परिस्थिती बदलली की तोच माणूस, तीच हकीकत, आणि निर्णय वेगळा. २०२१ च्या ऑगस्टपूर्वी किती तरी अफगाण तरुणांना सांगण्यात आलं की काबूलमध्ये धडधाकट एकटा पुरुष कसाबसा तग धरू शकतो. ११ ऑगस्ट २०२१ ला तिथल्या हद्दपाऱ्या स्थगित झाल्या, चार दिवसांनी तालिबानने काबूल घेतलं, आणि त्याच तरुणांपैकी अनेकांना पुन्हा अर्ज केल्यावर हद्दपारीपासून संरक्षण मिळालं. मधली वर्षं मात्र त्यांनी लाल रेघेखाली काढली होती.

आता तुमच्या सहकाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: पासपोर्ट. इथे त्याची खरी कोंडी आहे, आणि बहुधा तो याबद्दल बोलत नसेल. पासपोर्ट नाही म्हणून हद्दपारी थांबलेली. आणून दिला की तो अडथळा गेला. एखाद्या पहाटे पोलीस दाराशी येऊ शकतात. नाही आणला, तर निवास परवान्याचे जवळजवळ सगळे रस्ते बंद, कारण तिथे ओळख सिद्ध करावी लागते. शिवाय २०१९ पासून एक वेगळा, आणखी खालच्या दर्जाचा डुल्डुंग आहे, ‘ओळख न पटलेल्या व्यक्तीसाठी’. ओळख सिद्ध करायला सहकार्य करत नाही असं परदेशी नागरिकांच्या स्थानिक कार्यालयाला वाटलं की तो देतात. मग काम करायची परवानगी मिळत नाही, आणि त्या कागदावर काढलेला काळ पुढे परवाना मागताना हिशेबात धरत नाहीत. माणूस इथे असतो, मुलं शाळेत जातात, भाषा शिकून होते, आणि कायद्याच्या वहीत तो काळ कोरा राहतो. माझ्या मते हद्दपारीच्या भीतीइतकीच माणसाला आतून पोखरणारी ही गोष्ट आहे.

मी काय सल्ला देते? पासपोर्ट लपवू नका आणि खोटं नाव, खोटी जन्मतारीख तर कधीच देऊ नका. पुढची दारं त्याने कायमची बंद होतात. पण उद्या सकाळी जाऊन काउंटरवर ठेवूनही येऊ नका. आधी जाणकार वकिलाकडून हिशेब करून घ्या: कोणत्या कलमाखाली किती वर्षं भरली, काय कमी आहे, पासपोर्ट कोणत्या अर्जासोबत जोडायचा. क्रम चुकला तर तोच कागद परवान्याऐवजी विमानाकडे नेतो. दूतावासात गेल्याचा प्रत्येक पुरावा मात्र आजपासूनच ठेवा: भेटीची वेळ घेतल्याचा ईमेल, रेल्वेचं तिकीट, तिथे नाकारलं तर ते कुणी, कधी, काय म्हणून नाकारलं याची टिपणं. ‘प्रयत्न केला’ हे तोंडी सांगून कुणी मानत नाही. आणि ज्यांना आपल्याच सरकारपासून जीव वाचवायचा होता, त्यांना त्याच सरकारच्या दूतावासात अर्ज घेऊन जाताना काय होतं, हे कार्यालयातल्या माणसाला समजावून सांगणं हा माझ्या कामातला सगळ्यात दमवणारा भाग आहे.

तुम्ही विचारलंत की नीट राहू का देत नाहीत. सीमा म्हटलं की आपल्याला कुंपण, चौकी, नदी आठवते. त्याच्यासाठी ती बँकेच्या काउंटरवर असते, भाड्याची खोली दाखवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असते, डॉक्टरकडे जायच्या कागदात असते. पोटापुरतं स्वतः कमावत नसेल तर कुठल्या शहरात राहायचं हे कार्यालय ठरवतं. सरकारी मदतीवर असलेल्यांना २०२४ पासून रोख रकमेऐवजी कार्ड देण्याची कायदेशीर तरतूद आली, आणि बहुतेक राज्यांनी महिन्याला ५० युरोच रोख काढता येतील असं ठरवलं. आश्रयार्थींसाठी मदतीचा वेगळा, कमी रकमेचा कायदा १९९३ मध्ये आला, त्याच वर्षी राज्यघटनेतला आश्रयाचा हक्कही आकुंचित केला गेला. त्या रकमा इतक्या अपुऱ्या होत्या की १८ जुलै २०१२ ला संघीय घटना न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरवल्या आणि म्हटलं की स्थलांतराचं धोरण हे मानवी प्रतिष्ठेत काटछाट करण्याचं कारण होऊ शकत नाही. ते वाक्य माझ्या टेबलासमोर लावलेलं आहे. त्यानंतरही नियम कितीदा तरी कडक झाले.

रात्रीबद्दल थोडं. स्वतःहून निघायची मुदत संपल्यावर हद्दपारीचा दिवस आधी सांगायचा नाही, हा नियम २०१५ पासून आहे. त्यामुळे कुठलीही रात्र ती रात्र असू शकते. एका कुटुंबाकडे मी गेले होते, तेव्हा दाराजवळ चार जोड बूट नाड्या सोडून, टाचा भिंतीकडे करून ओळीने ठेवलेले होते. सगळ्यात लहान बुटांच्या आत मोजे घडी करून घातलेले. मला वाटलं कुठे निघालेत. आई म्हणाली, रोज असेच ठेवतो, म्हणजे अंधारात घालता येतात. मोठी मुलगी सातवीत होती आणि पहिल्या तासाला वर्गात झोपायची. तुमचा सहकारी सकाळच्या पाळीला पेंगुळलेला दिसला तर त्याला आळशी समजू नका.

त्याला इथे मूल असेल किंवा होणार असेल, तर हेही माहीत असू द्या. जर्मनीत जन्मल्याने आपोआप नागरिकत्व मिळत नाही. आई किंवा बाप यांच्यापैकी एकाचा पाच वर्षं कायदेशीर निवास हवा आणि कायमचा राहण्याचा हक्क हवा. २७ जून २०२४ पूर्वी ही अट आठ वर्षांची होती. डुल्डुंगची वर्षं यात धरत नाहीत. म्हणजे बाप दहा वर्षं इथे असला तरी बाळाच्या नावानेही लाल रेघेचा कागद निघतो. आईवडिलांची ओळख सिद्ध नसेल तर बाळाला नेहमीचा जन्मदाखलाही मिळत नाही. मिळतो तो नोंदवहीतला प्रमाणित उतारा, आणि त्यावर शेरा असतो: पालकांची ओळख सिद्ध झालेली नाही. कायद्याने त्या उताऱ्याला पुरावा म्हणून दाखल्याइतकंच मोल आहे, हे मी आजवर किती खिडक्यांवर सांगितलं असेल. तो नाकारला गेला तर तिथून उठू नका, नकार लेखी मागा.

ही अवस्था माणसाच्या वागण्यातून येत नाही, कायद्यातून येते, याचा मी पाहिलेला सगळ्यात स्वच्छ पुरावा २०२२ च्या शेवटच्या दिवशीचा आहे. त्या दिवशी एक नवं कलम लागू झालं: ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी ज्यांना इथे पाच वर्षं पूर्ण झाली होती, त्यांना १८ महिन्यांचा निवास परवाना, आणि त्या काळात त्यांनी ओळख, भाषा आणि कमाई सिद्ध करायची. मुद्दाम केलेल्या गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेले (किरकोळ दंड सोडून) आणि जाणूनबुजून खोटी ओळख सांगणारे वगळले होते. बाकीची माणसं तीच, खोल्या त्याच, नोकऱ्या त्याच. डिसेंबरमध्ये देश सोडणं बंधनकारक, आणि काही महिन्यांत निवास परवानाधारक. २०२३ अखेर डुल्डुंग असलेल्यांची संख्या सुमारे १ लाख ९४ हजारांवर आली, आणि त्यामागे हे एक मोठं कारण होतं. त्या काळात आमच्याकडे लोक मिठाई घेऊन यायचे. ती तरतूद तीनच वर्षांपुरती होती, आता त्याखाली नवा अर्ज करता येत नाही.

कायमचे रस्ते मात्र आहेत. तरुण असेल आणि वय सत्तावीस वर्षांच्या आत असेल, तीन वर्षं इथे राहून शाळा किंवा व्यवसाय-शिक्षण केलं असेल आणि किमान वर्षभर डुल्डुंगवर असेल, तर कलम २५अ. वय जास्त असेल तर कलम २५ब: सहा वर्षांचा निवास, लहान मूल सोबत असेल तर चार; बोलण्यापुरती जर्मन आणि बहुतांश खर्च स्वतःच्या कमाईतून. स्वयंपाकघरातलं रीतसर व्यवसाय-प्रशिक्षण घेतलं तर शिक्षण संपेपर्यंत संरक्षण आणि त्यानंतर कामासाठी दोन वर्षं. तुमचा मालक चांगला असेल तर त्याच्याशी बोला. प्रशिक्षणाचा करार बऱ्याचदा मालकाच्या एका सहीवर अडलेला असतो. यातलं काहीच बसत नसेल तर प्रत्येक राज्यात कठीण प्रकरणांसाठी आयोग आहे. सगळे मार्ग खुंटल्यावरही आयोग माणुसकीच्या आधारे परवान्याची शिफारस करू शकतो. तिथे मात्र एकच खरी संधी मिळते, म्हणून घाईने जाऊ नका.

वर्षं सलग भरल्याचं दाखवणं हे वाटतं त्याहून अवघड असतं. एका बापाच्या प्रकरणात चार महिन्यांचं भगदाड होतं. कार्यालयाने वेळच दिली नव्हती, त्यामुळे त्या काळाचा कागद नव्हता. कार्यालयाचं म्हणणं, तेव्हा तुम्ही देशाबाहेर नव्हतात कशावरून? त्याच्या बायकोने मुलाच्या तपासण्यांची पिवळी वही काढली. त्या चार महिन्यांत बालरोगतज्ज्ञाच्या दोन तपासण्या झाल्या होत्या. वजन, उंची, डोक्याचा घेर, तारीख, शिक्का, आणि खाली ‘सोबत वडील’ अशी डॉक्टरांच्या हातची नोंद. त्यावर ते चार महिने मान्य झाले.

तेव्हा सल्ला केंद्रात जाण्याआधी एका संध्याकाळी दोघं बसा आणि त्याच्या प्रत्येक महिन्यासाठी एकेक कागद शोधा: पगाराच्या पावत्या, डॉक्टरांची चिठ्ठी, भाषावर्गाची हजेरी, भाड्याची पावती. जुन्या डुल्डुंगच्या प्रती असतील तर त्या सगळ्यात वर. यापुढे नवा कागद घ्यायला जाताना जुन्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आधी काढून ठेवायला सांगा. मुलाखतीची लेखी नोंदही सोबत आणा. ती मी त्याच्याबरोबर पहिल्या ओळीपासून वाचते आणि एकच विचारते: यात काय राहिलं?